टेम्पो शेवटी ठरवा: कमी पैशांत घर हलवताना कामांचा क्रम

घर बदलायचं ठरलं की बहुतेक जण पहिला फोन टेम्पोवाल्याला लावतात. ‘दोन खोल्यांचं सामान आहे, किती घ्याल?’ तो अंदाजाने आकडा सांगतो, आपण त्यातले पाचशे कमी करून घेतो आणि पैसे वाचले असं समजतो. मग त्या दिवशी गाडी गच्च भरते, कूलर आणि दिवाण दारातच उभे राहतात आणि दुसऱ्या खेपेचं भाडं द्यावं लागतं. अंबाजोगाईहून लातूरला आलो तेव्हा आमच्या घरी हेच झालं. त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या कितीतरी घरांचं सामान हलवायला मी हात लावला आहे आणि प्रत्येक ठिकाणी पैसा जवळपास त्याच कारणानं गेलेला पाहिला: कामं उलट्या क्रमानं झाली म्हणून.

गाडीचं भाडं सामानाच्या नगावर नसतं, गाडीच्या आकारावर असतं. सामान थोडं कमी केलं आणि पिकअपऐवजी छोट्या हत्तीत (टाटा एसमध्ये) बसलं, तर एकदम मोठी रक्कम सुटते. सामान कमी केलं पण गाडी तीच राहिली, तर एक रुपयाही सुटत नाही. म्हणून आधी घर, मग तारीख, मग यादी, मग मापं आणि त्यानंतर गाडी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. साधारण एक महिना हाताशी आहे असं धरलं आहे.

## १. नव्या घराचा खरा महिना काढा

भाडं पाचशे रुपयांनी कमी म्हणून घर घेतलं आणि टँकरवर त्याच्या दुप्पट गेले, ही आपल्याकडची सगळ्यात नेहमीची चूक. मराठवाड्यातल्या शहरांत भाड्याआधी पाणी विचारायचं. आणि ते घरमालकाला नाही, शेजारणीला किंवा खालच्या भाडेकरूला विचारायचं. नळाला किती दिवसांआड येतं? किती वेळ? मोटर लावल्याशिवाय चढतं का? वरची टाकी किती लिटरची आणि ती किती बिऱ्हाडांत वाटलेली? बोर असेल तर मे महिन्यात चालतो का?

उत्तरं मिळाली की लगेच हिशोब मांडा. चार माणसांना वापरायला दिवसाला ४०० लिटर धरले आणि पाणी आठ दिवसांआड येत असेल, तर ३,२०० लिटर साठवायची सोय हवी. हजार लिटरची टाकी तीन बिऱ्हाडांत असेल, तर तुमच्या वाट्याला ३३० लिटर येतात. बाकीचं पाणी पिंपं, टाक्या आणि टँकर यांतून भागवावं लागणार. हा खर्च भाड्यात मिळवा. प्यायला २० लिटरचा जार लागणार असेल तर तोही महिन्याचा धरा. मग दोन घरांची तुलना करा. स्वस्त वाटलेलं घर पुष्कळदा महाग निघतं.

वीज: मीटर स्वतंत्र आहे का? सबमीटर असेल तर घरमालक युनिटमागे किती लावतो, हे आकड्यात विचारा. महावितरणच्या बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक मागून घ्या आणि थकबाकी आहे का ते महावितरणच्या ॲपवर पाहा. आधीच्या भाडेकरूच्या थकबाकीपोटी लाइन कापली गेली, तर अंधारात तुम्हीच बसणार.

करार: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाडेकराराचं मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के असतं. डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती व्याजाची रक्कम एकूण भाड्यात मिळवतात. म्हणजे घरगुती भाड्यावर ही रक्कम फार लहान येते. ‘करार करायला खूप खर्च येतो’ असं सांगून तुमच्याकडून हजारो रुपये मागितले, तर शुल्क किती आणि एजंटाची मजुरी किती, हे वेगळं लिहून मागा. खर्च कोण देणार, की अर्धा-अर्धा, हे डिपॉझिट हातात देण्याआधी बोला. दिल्यानंतर बोलायला जागा उरत नाही.

तपासा: डिपॉझिट देण्याआधी पाणी, वीज, करार, रंगाचे पैसे आणि घर सोडताना किती दिवस आधी सांगायचं, या पाचही गोष्टी मोबाइलवर मेसेज करून घरमालकाकडून ‘हो’ घेतलं आहे का?

## २. तारीख ठरवा, पण दोन घरांचं भाडं भरू नका

जुन्या घरमालकाला तोंडी सांगून थांबू नका. ‘अमुक तारखेला घर सोडतोय’ असा मेसेज एक महिना आधी पाठवा. उशिरा सांगितलं म्हणून महिन्याचं भाडं कापलं, ही तक्रार मी फार घरांत ऐकली आहे, आणि लेखी काही नसल्यामुळे प्रत्येकाचा नाइलाज झालेला.

नव्या घराचं भाडं कोणत्या तारखेपासून धरणार, यावर घासाघीस करा. भाडं कमी करायला मालक तयार होत नाही, पण रिकाम्या पडलेल्या घराचे चार-पाच दिवस सोडायला तो पुष्कळदा तयार होतो. तीन-चार दिवस दोन्ही घरं हाती असणं फायद्याचं आहे. पुढे गाडी ठरवताना त्याचा उपयोग होतो.

तारीख निवडताना हे लक्षात ठेवा. महिन्याची शेवटची आणि पहिली तारीख, एप्रिल-मेची लग्नसराई, आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला टोळ्या निघतात ते दिवस, या काळात गाड्या मिळत नाहीत किंवा चढ्या भावानं मिळतात. महिन्याच्या मधला कामाचा दिवस सगळ्यात स्वस्त. पितृपक्षात आणि अमावस्येला लोक घर बदलत नाहीत, त्यामुळे गाडी सहज मिळते आणि घरमालकही नरम असतो. घरातल्या मोठ्या माणसांच्या मनाला ते पटत नसेल तर वाद घालू नका. दूध उतू घालायचं आणि राहायला जायचं ते मुहूर्तावर, आणि कपाट, दिवाण, पुस्तकं आधी नेऊन टाकायची, अशी वाटणी केली की दोन्ही साधतं.

लेकरं शाळेत असतील तर मे महिना बरा, कारण जूनमध्ये शाळा भरतात. पण मेमध्ये हलवणार असाल तर पहाटे पाचला गाडी भरायला घ्या. अकरानंतर उन्हात हमालही थकतात, सामान पडतं आणि ‘जास्तीचे द्या’ सुरू होतं.

## ३. यादी आणि तीन ढीग

हा टप्पा लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसा इथंच आहे.

वही घ्या आणि खोलीनिहाय प्रत्येक मोठी वस्तू लिहा. माळा, गच्ची, जिन्याखालचा कोपरा आणि संडासावरचा पोटमाळा विसरू नका. आमची दुसरी खेप माळ्यामुळे झाली होती. वर काय-काय आहे हे गाडी आल्यावरच कळलं.

प्रत्येक वस्तूपुढे तीनपैकी एक अक्षर: ‘न’ म्हणजे न्यायचं, ‘वि’ म्हणजे विकायचं, ‘द्या’ म्हणजे द्यायचं. ठरवताना वस्तूची किंमत बघू नका, ती अडवणारी जागा बघा. प्लायवूडचा बेड खोलायला इकडे सुतार, जोडायला तिकडे सुतार, आणि दुसऱ्यांदा खोलला की स्क्रू धरत नाहीत. त्यापेक्षा इथं विकून तिथं जुना लोखंडी कॉट घेतलेला परवडतो. उलट लोखंडी कपाट, चांगल्या जाडीची पितळी-स्टीलची भांडी, शिलाई मशीन आणि कूलर सोबत न्यावेत. नव्या गावात त्या भावात ते मिळत नाहीत.

विकायचं ते पंधरा दिवस आधी विका. आदल्या संध्याकाळी बोलावलेल्या भंगारवाल्याला तुमची घाई दिसते आणि तो म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. रद्दी आणि लोखंड दोन ठिकाणी भाव विचारून द्या. शेजाऱ्यांना द्यायचं असेल तर ‘रविवारी घेऊन जा’ असं दिवस सांगून बोला. नाहीतर ते गाडीच्या वेळेपर्यंत तुमच्याच दारात पडून राहतं.

धान्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे वर्षाची ज्वारी, गहू, तुरीची डाळ गावाहून येते. घर हलवायचं ठरल्याच दिवशी गावाकडे फोन करून सांगा, की यंदाची पोती महिनाभर तिकडेच ठेवा. नव्या पत्त्यावर एकदाच येतील. घरात आहे ते खात राहा, किराणा भरू नका. ५० किलोची चार पोती म्हणजे दोन क्विंटल, आणि छोट्या हत्तीची भार वाहण्याची क्षमताच सातशे-साडेसातशे किलोच्या घरात असते. एक चतुर्थांश गाडी धान्यानं खाल्ली, तर कपाटाला जागा कुठून येणार?

सावध: ‘तिकडं गेल्यावर बघू काय टाकायचं ते’ असं म्हणून नेलेली वस्तू टाकायलाही पैसे लागतात. ती चढवायला, न्यायला, उतरवायला, अशी तीनदा किंमत मोजलेली असते.

## ४. अंगणात चौकोन आखा

‘न’ची यादी झाली की गाडी किती मोठी लागेल ते स्वतः मोजा. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद असतो. पिकअपचा आठ ते नऊ फूट लांब आणि साडेपाचच्या आसपास रुंद. अंगणात किंवा गच्चीवर रांगोळीनं सात बाय पाचचा चौकोन काढा. कपाट, फ्रिज, दिवाण, वॉशिंग मशीन, कूलर यांची लांबी-रुंदी सुतळीनं मोजा आणि चौकोनात खडूनं जागा मांडा. गाद्या उभ्या कडेला लागतात. खोकी दोन-तीन थर चढतात. कूलर आणि फ्रिज आडवे होत नाहीत, हे धरा.

अर्धा तास लागतो, आणि यातून उघड दिसतं की नेमक्या कोणत्या एका वस्तूमुळे मोठी गाडी लागते आहे. मग त्या एका वस्तूचा निर्णय पुन्हा करा. एकदा आम्ही फक्त एक डायनिंग टेबल विकलं आणि गाडीचा आकार एका पायरीनं उतरला.

चौकोनात थोडंच बाहेर राहत असेल तर दुसरा मार्ग बघा. रेल्वेने जाणाऱ्या घराला स्लीपरच्या तिकिटावर माणशी ४० किलो आणि साध्या दुसऱ्या वर्गात ३५ किलो सामान मोफत नेता येतं. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगरहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या चौघांनी कपड्यांच्या बॅगा गाडीत टाकायचं काही कारण नाही. दुचाकीही रेल्वे पार्सलने पाठवता येते. पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं आणि गोणपाटानं बांधणी लागते. जवळच्या अंतरात मात्र दुचाकी चालवत नेणंच स्वस्त.

## ५. आता गाडी

परतीची गाडी शोधा. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, माल टाकून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या रोज असतात. लातूरच्या आडतीवर, जालन्यात लोखंड आणि बियाण्यांच्या मालावर, वाळूजला कारखान्यांवर बाहेरगावच्या गाड्या येतात, आणि मृगाच्या तोंडावर खत घेऊन कृषी केंद्रांवर येतात. तुमचं सामान ज्या गावाला जायचं, त्या गावची पासिंग असलेली गाडी तुमच्या गावात रिकामी उभी असेल तर ती कमी भाड्यात येते, कारण तिला तसंही घरी जायचंच असतं. तुमच्या गावची गाडी नेलीत तर तिच्या रिकाम्या परतीचे पैसे तुमच्याकडूनच निघतात.

अशी गाडी फोनवर सापडत नाही. मोंढ्याजवळच्या ट्रान्सपोर्टच्या दुकानात, आडतीवरच्या मुनिमाला आणि वजनकाट्यावर विचारा. काट्यावरच्या माणसाला कोणती गाडी कुठली आणि कधी मोकळी होणार हे माहीत असतं. अडचण एवढीच, की नेमका दिवस मिळत नाही. ‘मंगळवार ते गुरुवार कधीही’ अशी तयारी लागते. दुसऱ्या टप्प्यातले ते तीन-चार दिवस यासाठी मागून ठेवले होते.

सावध: खत किंवा जनावरं वाहिलेली गाडी असेल तर हौदा झाडून, धुऊन, वाळवून घ्या आणि तळाला ताडपत्री टाका. खताचे कण गादीत गेले तर गादी गेली, आणि कपाटाच्या तळाला गंज धरतो.

बोलणी अशी करा:

‘भाऊ, लातूरहून संभाजीनगरला घरसामान न्यायचंय. यादी पाठवली तुम्हाला, एक कपाट, एक फ्रिज, एक दिवाण, एक कूलर, पंचवीस खोकी. इकडे तळमजला, तिकडे दुसरा मजला, लिफ्ट नाही, गल्लीत गाडी दारापर्यंत येते. टोल, डिझेल, चढवणं-उतरवणं सगळं धरून एकच आकडा सांगा. हमाल तुमचे का माझे? उतरवायला चार तास लागले तर वेगळे पैसे का?’

यातला प्रत्येक प्रश्न नंतर भांडणाचं कारण होतो. मजला सांगितला नाही, तर ‘वरचे पैसे वेगळे’. गल्ली अरुंद आहे हे सांगितलं नाही, तर गाडी चौकात उभी आणि तिथून हमालीचे वेगळे पैसे. टोल कोणाचा, आणि परतीचा टोल कोणाचा, हेही विचारा. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत जात असाल तर सामान कोणत्या वेळेत चढवू देतात आणि सोसायटी त्याचे पैसे घेते का, हे आधी कळवून घ्या. ठरलेलं सगळं मेसेजवर लिहून पाठवा आणि त्याचं ‘ओके’ येऊ द्या.

हमाल वेगळे लावत असाल तर तासावर नको, ठोक ठरवा. यादी दाखवून, मजला सांगून, दोन्ही टोकांचा वेगळा आकडा.

इंटरनेटवर दिसणाऱ्या पॅकर्सवाल्यांबद्दल काळजीनं सांगतो. फोनवर फार कमी आकडा सांगायचा, आधी अर्धे पैसे मोबाइलवर घ्यायचे, सामान गाडीत चढलं की वजन जास्त निघालं, कर वेगळा, असं म्हणून भाव वाढवायचा आणि पैसे दिल्याशिवाय सामान उतरवायचं नाही, हा प्रकार माझ्या जवळच्या एका घरात झाला. सामान त्यांच्या ताब्यात असतं, त्यामुळे आपण हतबल होतो. म्हणून पत्ता असलेल्या, प्रत्यक्ष जाऊन पाहिलेल्या माणसाशीच व्यवहार करा, किरकोळ बयाणा द्या, गाडीचा नंबर आणि चालकाच्या लायसन्सचा फोटो सामान चढवण्याआधी घ्या, आणि मोठी रक्कम सामान उतरल्यावरच द्या.

तपासा: एकच आकडा, त्यात काय-काय धरलंय, दिवस किंवा दिवसांची मुभा, गाडीचा नंबर. चारही लेखी आहेत?

## ६. खोकी विकत घेऊ नका

औषधांच्या दुकानातली खोकी घट्ट आणि कोरडी असतात. किराणा दुकानातली तेलाच्या पिशव्यांची खोकी लहान पण मजबूत असतात, पुस्तकांना तीच वापरा. पुस्तकं मोठ्या खोक्यात भरली की तळ फाटतोच. एका माणसाला कंबर न वाकवता उचलता येईल एवढंच वजन, म्हणजे १५ किलोच्या आत. दुकानदाराला आठवडाभर आधी सांगून ठेवा. रोज चार मिळाली तरी पुरतात.

कपड्यांना खोकी लागत नाहीत. जुन्या लुगड्यांत, चादरींत बोचकी बांधा. मोंढ्यातून धान्याचे रिकामे कट्टे आणा आणि तोंड दाभणानं सुतळी घालून शिवा. गाठ मारलेलं तोंड वाटेत सुटतं, शिवलेलं सुटत नाही. खताचे कट्टे कपड्यांना, धान्याला अजिबात नको, कितीही धुतले तरी.

बबल रोलची गरज नाही. घरातल्या वाकळा आणि गोधड्या कशाला आहेत? फ्रिज, टीव्ही, आरसा त्यात गुंडाळा. गोधड्याही पोहोचतात आणि वस्तूही वाचते. काचेच्या बरण्या पायमोज्यांत आणि टॉवेलांत, लोणच्याच्या बरणीला तोंडाशी प्लास्टिक बांधून ती स्वतःच्या हातात.

भरताना पोकळ जागा रिकामी सोडू नका. कूलरच्या पोटात उशा, वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये कपडे, धान्याच्या कोठीत प्लास्टिकचे डबे, मोठ्या पातेल्यात लहान पातेली आणि मध्ये फडकी. कूलरचं जुनं गवत इथंच फेका, तिकडे नवीन लावावंच लागतं. कपाटात मात्र जड काही ठेवू नका. चार माणसांना ते उचलायचं असतं.

प्रत्येक नगावर मार्करनं दोन गोष्टी: कोणत्या खोलीत जायचं, आणि नगाचा क्रमांक. वहीत क्रमांकापुढे आत काय ते. ‘स्वयंपाकघर ७’ हरवलं तर उतरवतानाच कळतं, आठ दिवसांनी नाही.

## ७. गॅस, वीज, दाखला

गॅसमध्ये लोक हकनाक पैसे घालवतात. त्याच शहरात घर बदलत असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायची गरज नसते. एजन्सी बदलत असेल तर ऑनलाइन ट्रान्सफर होते. एजन्सी तीच असेल तर फक्त पत्ता बदलायचा. दुसऱ्या शहरात जात असाल तर सिलिंडर, रेग्युलेटर जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याचा कागद) घ्या आणि कनेक्शन घेताना भरलेलं डिपॉझिट परत घ्या. हे डिपॉझिट जुन्या कागदावर लिहिलेल्या रकमेनं मिळतं आणि नव्या गावी मात्र आजच्या दरानं भरावं लागतं, तेव्हा फरकाची तयारी ठेवा. कनेक्शनचा मूळ कागद आताच शोधा. तो नसेल तर एजन्सीत हेलपाटे पडतात. शेगडी आणि पाइप आपलेच, ते सोबत न्या. सिलिंडर ओळखीच्याला ‘वापर’ म्हणून सोडून जाऊ नका. कनेक्शन तुमच्या नावावर राहतं आणि नवं मिळायला अडचण येते.

रेशन कार्डासाठी लगेच धावपळ नको. आधारच्या पडताळणीवर दुसऱ्या गावच्या रास्त भाव दुकानातूनही धान्य उचलता येतं. बँकेची शाखा बदलण्याचीही घाई नाही.

शाळा सोडल्याचा दाखला मात्र निघण्याआधी हातात घ्या, नुसत्या त्या कागदासाठी परत यायला एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. आठवीपर्यंतच्या लेकराला सरकारी किंवा अनुदानित शाळा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे. कुणी अडवलं तर हे सांगा.

किराण्याची, दूधवाल्याची, पेपरवाल्याची उधारी आठवडाभर आधी वहीवर मिटवा.

## ८. आदली रात्र

फ्रिज रात्रीच बंद करून दार उघडं ठेवा, बर्फ वितळू द्या, सकाळी पुसून घ्या. वॉशिंग मशीनच्या पाइपातलं पाणी काढा. समोरून दार उघडणारं मशीन असेल तर ड्रम बांधायचे बोल्ट लावा. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच न्यायची, आडवी झाली तर ॲसिड सांडतं.

एक पिशवी वेगळी भरा. ती गाडीत जाणार नाही, तुमच्या हातात राहणार. कागदपत्रांची फाइल, दागिने, रोख, औषधं, चार्जर, एकेक कपडा. दुसरी पिशवी पहिल्या रात्रीची: पक्कड, पाना, टेस्टर, दोन एलईडी बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, नळाची एक तोटी, झाडू, बादली-मग, चादरी, मेणबत्ती. आधीचे भाडेकरू बल्बसुद्धा काढून नेतात. अंधारात पोहोचून दुप्पट भावानं बल्ब घेण्याची वेळ येऊ नये.

खायचं घरचंच. धपाटे दोन दिवस टिकतात, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि दही. चार जण, दोन हमाल आणि चालक यांचं दोन वेळचं हॉटेलचं बिल हे लोकांच्या हिशोबातच नसतं, आणि ते बऱ्यापैकी होतं. हमालांना पोटभर जेवू घातलं तर कामही जिव्हाळ्यानं होतं.

## ९. गाडी भरताना

चालकावर सोडू नका, दारात एक आणि गाडीपाशी एक, असे घरचे दोघे उभे राहा. दारातला नगाचा क्रमांक वाचतो, गाडीजवळचा वहीत खूण करतो.

१. केबिनच्या बाजूला कपाट आणि इतर लोखंडी वजन.
२. त्याला चिकटून फ्रिज आणि वॉशिंग मशीन, उभेच, मध्ये गोधडी.
३. खाली भांड्यांची आणि पुस्तकांची खोकी, वर हलकी.
४. गाद्या कडेला उभ्या, म्हणजे काचेला आणि टीव्हीला आधार होतो.
५. कूलर मागच्या भागात, चाकं काढून किंवा बांधून.
६. सगळ्यात शेवटी पाण्याचं पिंप, बादली, शेगडी, अंथरूण. तिकडे हेच आधी लागतं.

वरून ताडपत्री, उन्हाळा असला तरीही. धूळ आणि अवकाळी, दोन्हींची खात्री नाही. दोर चालकानं आवळल्यावर स्वतः ओढून बघा. भरल्यावर मागून आणि बाजूनं फोटो काढा.

निघण्याआधी रिकाम्या घरात एकदा फिरा: माळा, दारामागचे हुक, गच्चीवरची तार, नळाचं फिल्टर, देवघराचा कोनाडा.

## १०. उतरवताना

नव्या घरात सामान आत नेण्याआधी पाच मिनिटं घ्या. विजेच्या मीटरचा आकडा, भिंतीवरची ओल, फुटलेली फरशी, बेसिनचा तडा, यांचे फोटो काढून घरमालकाला त्याच वेळी पाठवा. घर सोडताना डिपॉझिट याच फोटोंवर वाचतं.

हमालांना कोणता नग कोणत्या खोलीत ते दारातच सांगा. सगळं हॉलमध्ये टाकू दिलं की नंतर कपाट सरकवायला पुन्हा माणसं लागतात. कपाट आणि फ्रिज जागेवर गेल्याशिवाय पैसे देऊ नका. वहीतल्या खुणा मोजून मगच हिशोब चुकता करा. फ्रिज तीन-चार तास तसाच ठेवा, मग चालू करा.

पहिल्या संध्याकाळी बाकीचं सगळं राहू द्या आणि पाणी भरा. नळाची पाळी त्या दिवशी असेल आणि पिंपं अजून बांधलेली असतील, तर पुढची पाळी येईपर्यंत टँकरवर दिवस काढावे लागतात.

## ११. जुनं घर आणि डिपॉझिट

किल्ली डिपॉझिटसोबतच द्यायची. ‘किल्ली देऊन जा, पैसे पाठवतो’ यावर माझ्या माहितीतल्या कितीतरी लोकांचे पैसे अडकले आहेत. घरमालकाला आधीच सांगा, की अमुक दिवशी किल्ली देतो, तेव्हाच हिशोब करू.

त्या दिवशी घर झाडून-पुसून घ्या, खिळ्यांची भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवा. दहा-वीस रुपयांचं काम आहे, नाहीतर त्यापोटी रंगाचे हजार कापले जातात. मीटरचा फोटो काढून शेवटचं वीजबिल युनिटवर मोजा आणि भरल्याची पावती दाखवा. कापाकापी करायची असेल तर कशाचे किती, हे कागदावर मागा. पूर्ण रक्कम मिळाली की ‘डिपॉझिट मिळालं, किल्ली दिली’ असा मेसेज दोघांनी एकमेकांना पाठवा.

घरमालक त्या दिवशी पैसे नाहीत म्हणाला, तर किल्ली खिशात ठेवून तारीख लिहून घ्या आणि त्या तारखेला परत या.